पाय उचलायला लागणारा वेळ

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात आलो. डमडमला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं आणि मला इथल्या एका औषधशास्त्र विभागात पीएच.डी.साठी जागा मिळाली. वर्षभराने सासरे गेले, आणि त्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आई म्हणते, म्हणून इथेही आईच लिहीन. आई कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहायची सवय, त्यामुळे खुर्ची समोर असली तरी त्या उभ्याउभ्याच चहा पीत. मधुमेह त्यांना निवृत्तीच्या आधीपासूनच होता.

त्या आल्या तेव्हा थंडी होती, आणि बाजारात मटार स्वस्त झाला होता. एका रविवारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू तिथे नेमकं काय करतेस गं? हा नुसतं म्हणतो, औषधांवर संशोधन."

मला बरं वाटलं. माहेरच्या माणसांनीसुद्धा असं कधी विचारलं नव्हतं.

"मधुमेहात पायांच्या नसा खराब होतात ना आई, त्यावरचं एक औषध तपासतोय. उंदरांवर."

"तपासता म्हणजे काय करता?"

"आधी इंजेक्शन देऊन त्यांना मधुमेह होऊ देतो. मग अधूनमधून त्यांच्या तळव्याला खालून उष्णता द्यायची आणि पाय उचलायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यावरून कळतं, त्यांना किती लवकर दुखतंय."

"चटके देता?"

"चटका बसायच्या आत ते पाय उचलतात."

"आणि नाही उचलला तर?"

"तर दिवा आपोआप बंद होतो. भाजू देत नाही आम्ही."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. "म्हणजे आजारही तुम्हीच द्यायचा आणि चटकेही तुम्हीच," एवढंच म्हणाल्या आणि टरफलं गोळा करून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारणं सोडलं. मी प्रयोगशाळेतून आले की, "आधी अंघोळ करून घे," म्हणायच्या. अंघोळ मी करतच असे, पण त्यांच्या सांगण्यात स्वच्छतेपेक्षा वेगळं काही होतं. संकष्टीचे मोदक करायला घेतले तेव्हा मी पारी लाटायला बसले, तर म्हणाल्या, "राहू दे, मी करते. तू दमली असशील." मी दमलेली नव्हते. फोनवर बहिणीशी बोलताना, "सून शिकते आहे अजून," असं सांगताना मी त्यांना ऐकलं. काय शिकते, ते सांगायचं त्या टाळत होत्या.

मला राग यायचा, पण त्यांना काय उत्तर द्यावं हे सुचायचं नाही. कारण सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाईंनी, त्यांना तिथे सगळे दीदी म्हणतात, मला त्या यंत्रापुढे बसवलं. वर काचेचा सपाट पाट, त्यावर पारदर्शक छोट्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक उंदीर आणि काचेखाली हाताने सरकवता येणारा दिवा. मी दिव्याच्या मुठीला हात लावणार तोच दीदींनी माझं मनगट धरलं.

"आगे निजेर आंगुल," त्या म्हणाल्या. आधी स्वतःचं बोट.

मी काचेवर बोट टेकवलं, त्यांनी खालून दिवा लावला. आधी काहीच नाही, मग ऊब, मग ती ऊब टोचायला लागली आणि मी काही ठरवायच्या आत हात मागे आला होता. बोटावर साधी लालीसुद्धा नव्हती.

"एवढंच द्यायचं त्याला," दीदी हिंदीत म्हणाल्या, "याच्या पुढे काही नाही. आणि तो घाबरलेला असेल तर तेवढंही नाही. घाबरलेल्या जिवाचं दुखणं मोजता येत नाही, त्याची भीतीच मोजली जाते."

त्यामुळे पहिले कितीतरी दिवस मी नुसते उंदीर हाताळले. पांढरेशुभ्र, गुलाबी शेपटीचे, लाल डोळ्यांचे. त्यांना तळहातावर घ्यायचं, बाहीत शिरू द्यायचं, परत ठेवायचं. केसांना तेल लावायचं नाही, अत्तर लावायचं नाही, कारण वास बदलला की ते बिथरतात. माझ्या हाताला सरावल्यावर ते काचेवरच्या पेटीत आधी इकडेतिकडे हुंगत, मिशा पुसत आणि हळूहळू शांत बसत. तसे बसले की मगच दिवा सरकवायचा. चालत असेल तर थांबायचं, अंग चाटत असेल तर थांबायचं, झोप लागली असेल तरी थांबायचं. डमडमहून मेट्रोने एस्प्लनेडला उतरून पुढे बस पकडून मी घाईघाईत तिथे पोचायची, आणि मग सगळी सकाळ उंदराने स्वस्थ बसण्याची वाट बघण्यात जायची. माझा सगळा उतावळेपणा त्या खोलीत जिरला.

मधुमेह झालेले उंदीर खूप पाणी पितात. त्यांच्या पिंजऱ्यातला भुसा दिवसात ओलाचिंब होतो, तो रोज बदलावा लागतो. सुरुवातीच्या काळात त्यांचे तळवे फार हळवे होतात. निरोगी उंदीर ज्या उबेला नुसता बसून राहील, तेवढ्यालाच हे पाय झटकतात आणि नंतर तो पाय चाटत बसतात. ते चाटणं बघवत नसे.

घरी आईंच्या तळपायांचीही आग व्हायची. संध्याकाळी त्या मोजे काढून मोझॅकच्या फरशीवर पाय सरकवत बसायच्या, एक जागा कोमट झाली की दुसरीकडे. कधी ओला पंचा पायांना गुंडाळायच्या. रात्री पांघरूण पायांना लागलेलं सहन व्हायचं नाही, म्हणून पाय पलंगाच्या बाहेर काढून झोपायच्या. मी डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं की म्हणायच्या, "गोळ्या चालू आहेत ना. आणखी गोळ्या नकोत, गरम पडतात." खालच्या मजल्यावर एक वयस्क बंगाली बाई राहतात, सगळे त्यांना मासीमा म्हणतात. त्यांचं आणि आईंचं मोडक्या हिंदीत चांगलं जमलं होतं. मासीमांनी त्यांच्या होमिओपॅथीवाल्याकडून साखरेच्या गोळ्यांची एक बाटली आणून दिली. त्या मात्र आई नेमाने घेत.

फाल्गुन संपता संपता आग थांबली.

"बघ," आई एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आठवडा झाला, पाय गार आहेत. मासीमांचा माणूस हुशार आहे." त्या खरंच खूश होत्या. त्या दिवशी त्यांनी पुरण घातलं होतं.

मी पोळी मोडता मोडता थांबले. त्याच सुमारास आमच्या जुन्या गटातले, सगळ्यांत जास्त दिवस मधुमेह असलेले उंदीर वेगळं वागायला लागले होते. आधी जे पटकन पाय झटकत, ते आता उशिरा उचलत होते. काहींनी तर उचललाच नाही. दिवा आपोआप बंद झाला आणि उंदीर आपला मिशा पुसत बसलेला. नव्याने आलेली एक मुलगी ते बघून म्हणाली होती, "यांना बरं वाटतंय." दीदींनी मान हलवली होती. बरं वाटत नव्हतं. नसा मरत चालल्या होत्या.

"आई," मी म्हटलं, "आग थांबली हे चांगलंच आहे, पण एकदा दाखवून येऊ या. कधीकधी नसांची जाणच कमी होते, म्हणून आग थांबते. आमच्याकडे उंदरांमध्ये..."

"माझ्या पायांची तुझ्या उंदरांशी तुलना करू नकोस." त्या शाळेत बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या. नंतर नवरा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "इतक्या महिन्यांनी ती हसतेय. थोडे दिवस राहू दे ना." मला त्याचंही कळत होतं. मी डॉक्टरांची वेळ घेतली, तर त्या दिवशी आईंना नेमकं मासीमांबरोबर बराकपूरला त्यांच्या मुलीकडे जायचं निघालं. मी पुढची वेळ घेतली.

त्या वेळेच्या आधीच चैत्र आला आणि आईंनी कुरडयांचा घाट घातला.

गावाला दरवर्षी करायच्या, इथेही करायच्याच होत्या. गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, मग वाटून चीक काढला. सोऱ्या त्यांनी येतानाच ट्रंकेतून आणला होता. इमारतीची गच्ची मोठी आहे, तिथे एका बाजूला मासीमांच्या कैरीच्या लोणच्याच्या बरण्या उन्हात असत. आईंनी दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचा कागद अंथरून कुरडया घातल्या. इथल्या दमट हवेत कुरडई वाळता वाळत नाही. वरून कडक दिसते, खालून लवचीक. म्हणून त्या भर दुपारी वर जाऊन एकेक कुरडई उलटत बसल्या. खायच्या वस्तूंपाशी चपला घालून जायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे चपला जिन्यातच काढलेल्या.

तो शनिवार होता. मी लवकर सुटले होते. जिना चढताना मला पायऱ्यांवर ओली पावलं दिसली, गच्चीकडून खाली येणारी, थेट आमच्या दारापर्यंत. वाटलं, आईंनी वर पाणी नेलं असेल, सांडलं असेल. दार उघडलं तर बैठकीतही तीच पावलं आणि स्वयंपाकघरातही. आई ओट्यापाशी उभ्या राहून चहा गाळत होत्या.

"आलीस? बरं झालं. अर्ध्या वाळल्यात बघ," त्या म्हणाल्या. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"आई, तुमचे पाय ओले आहेत का?"

"नाही गं. का?"

मी खाली वाकून फरशीला बोट लावलं. पाणी नव्हतं ते, चिकट होतं.

"आई, बसा. इथेच बसा. पाय वर करा."

"अगं, चहा निवेल."

मी त्यांना जवळजवळ ढकलूनच खुर्चीवर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. बोटांच्या खालचा सगळा भाग आणि टाच पांढरी पडून फुगली होती. चवड्यावरचा फोड फुटून कातडी गुंडाळली गेली होती आणि त्यातून पाणी पाझरत होतं. दुसरा पायही तसाच. मी आजवर अशी जखम पाहिली नव्हती. आमच्याकडे ती होऊ न देण्यासाठीच सगळी व्यवस्था असते.

"काय झालंय?" आईंनी विचारलं. त्यांना वाकून तळवा दिसत नव्हता.

"भाजलेत पाय. गच्चीवर."

"कधी?" त्या म्हणाल्या. "मला तर काहीच नाही झालं."

माझी हाक ऐकून मासीमा धावत वर आल्या. "पा पुडे गेछे!" म्हणत त्यांनी डोक्याला हात लावला. पाय भाजले, पाय भाजले, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि आई त्यांनाच धीर देत होत्या.

डॉक्टरांनी जखमा साफ केल्या, पट्ट्या बांधल्या. मग म्हणाले, नसा तपासू या. त्यांच्याकडे पेनासारख्या दांडीला लावलेला एक बारीक, कडक दोरा होता. आईंना डोळे मिटायला सांगितलं. दोरा पायाला लागला की 'हां' म्हणायचं. डॉक्टर जखमा टाळून बोटांच्या टोकांना, पावलाच्या वरच्या बाजूला दोरा टेकवत होते. आई गप्प. मग त्यांनी दोरा बाजूला धरून नुसती वाट पाहिली, आणि आई म्हणाल्या, "हां." थोड्या वेळाने परत, "हां." दोरा हवेत होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घट्ट मिटलेले डोळे, सरळ पाठ, आणि अंदाजाने उत्तर देणाऱ्या मुलाची ती धडपड. अशी मुलं त्यांनी वर्गात चटकन ओळखली असतील, रागावल्याही असतील. मला बघवेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

घरी येताना टॅक्सीत त्यांनी विचारलं, "किती बरोबर आले?"

"आई..."

"खरं सांग."

"एकही नाही."

त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

त्यानंतरचे दोन महिने पट्ट्यांचे होते. दीदींनी मला उशिरा यायची मुभा दिली. सकाळी मी पाणी उकळून गार करून घ्यायची, हात धुवायची, जुनी पट्टी भिजवून सोडवायची, जखम साफ करून नवी बांधायची. सुरुवातीला आईंना फार संकोच वाटायचा. सुनेने पाय हातात घ्यायचा म्हणून त्या पाय आखडून घ्यायच्या. मग सवय झाली. मला वाटतं, माझे हात सावकाश चालतात हे त्यांच्या लक्षात आलं. एक दिवस म्हणाल्या, "तुला घाई नसते कशी? बाकी सगळ्यात तर असते."

"उंदरांनी शिकवलं," मी म्हटलं आणि जीभ चावली.

त्या रागावल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एक कर. ते गरम-गार तपासतात ना, ते माझं कर. डॉक्टरांनी नुसता दोरा लावला. मला कळायला हवं, कुठपर्यंत गेलंय."

मी दोन स्टीलचे पेले घेतले. एकात माठातलं पाणी, दुसऱ्यात माझ्या मनगटाला सोसेल एवढं कोमट. आधी पेला स्वतःच्या मनगटाला लावला, मग त्यांच्या. "हे गरम. हे गार. बरोबर?" मग त्यांनी डोळे मिटले. जखमांपासून दूर, अंगठ्यावर, पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याखाली. या वेळी त्यांनी अंदाज केला नाही. प्रत्येक वेळी शांतपणे, "नाही कळत," म्हणाल्या. घोट्याच्या वर चार बोटं गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "गार. हे गार आहे."

"हो."

"तिथे खूण कर."

मी बॉलपेनने नडगीवर एक आडवी रेघ ओढली. त्यांनी डोळे उघडून वाकून ती पाहिली, बोटाने चाचपली. "म्हणजे इथून वर मी आहे," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांना नाही आलं. "दुसरा पाय बघ," म्हणाल्या.

मग त्यांनी आपणहून विचारायला सुरुवात केली. उंदीर किती मोठे असतात, काय खातात, एका पिंजऱ्यात किती असतात. मी फोनमधली एक चित्रफीत दाखवली. काचेवरचा उंदीर, खालून सरकणारा दिवा, पाय उचलला, झालं. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिली.

"किती पटकन उचलला गं."

"तो निरोगी आहे."

"मग त्याला कशाला छळता?"

"त्याच्याशी ताडून बघावं लागतं ना. नाहीतर आजारी उंदराला उशीर झाला की लवकर, ते कशावरून ठरवायचं?"

त्यांनी मान डोलावली. पटलं असं नाही, कळलं असं. मग तिसऱ्यांदा चित्रफीत लावायला सांगून त्यांनी विचारलं, "आणि काम झाल्यावर काय करता त्यांचं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नवरा समोरच वर्तमानपत्र वाचत होता, त्याने कागदामागून माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं.

"मारतो," मी म्हटलं. "भूल देऊन. नसा सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी बांधताना म्हणाल्या, "तुमचं औषध लागू पडतंय का तरी?"

"ज्यांना देतो त्यांची जाण थोडी जास्त दिवस टिकते असं दिसतंय. थोडीच."

"मला देता येईल?"

"नाही आई. माणसांना द्यायला फार वर्षं लागतात. आणि गेलेल्या नसा काही त्याने परत येत नाहीत. झालंच तर पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल."

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्याला तर पुढच्याला."

जखमा भरत आल्या तेव्हा चपलांचा प्रश्न आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आईंना ते पटायला तयारच नव्हतं. बैठकीत घालीन म्हणाल्या. स्वयंपाकघरात नाही, देवापाशी तर नाहीच. नवरा समजावून थकला. "आई, देव काय चपला बघत बसलाय का?" "तुला काय माहीत तो काय बघतो ते," असं उत्तर मिळालं. मी वाद घातला नाही. मी एस्प्लनेडला उतरून फुटपाथवरच्या दुकानांमधून हिंडले आणि कापडी, मऊ, बंद बोटांचे दोन जोड आणले. एक करडा, एक पांढरा. घरी येऊन पांढरा जोड त्यांच्यापुढे ठेवला.

"हा कधी बाहेर गेलेला नाही आणि जाणारही नाही. याला चामडं नाही. हा फक्त देवापाशी आणि ओट्यापाशी."

त्यांनी जोड उलटापालटा करून पाहिला. तळवा दाबून पाहिला. "सोवळ्याचे बूट," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या, इतक्या की नवरा आतून विचारायला आला काय झालं. दुसऱ्या दिवशी त्या पांढरे बूट घालून समईपुढे बसल्या होत्या. संकष्टीला मला हाक मारली, "ये गं, पारी लाट. माझ्याच्याने इतका वेळ उभं राहवत नाही." उभं राहवत होतं त्यांना. मी जाऊन लाटायला बसले.

माझ्या गटाचं काम आषाढात संपलं. शेवटच्या दिवसाबद्दल मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. उगीच मागाहून कळलं असं व्हायला नको. सकाळी निघताना त्यांनी डबा हातात दिला, परत घेतला, आणि म्हणाल्या, "डबा नको नेऊस. तिथे जेवण जायचं नाही तुला. घरी येऊन जेव."

मी त्या उंदरांना ओळखत होते. नावं नव्हती, शेपटीवरच्या मार्करच्या रेघा होत्या, पण कोण बाहीत शिरतो आणि कोण अंगठ्याला धरून बसतो हे हाताला ठाऊक होतं. आम्ही एकेकाला शांत होऊ दिलं. दीदी स्वतः थांबल्या होत्या. खोलीत कुणी मोठ्याने बोललं नाही. संध्याकाळी बसमध्ये जागा मिळाली तरी मी उभीच राहिले, का ते सांगता येणार नाही.

घरी पोचले तेव्हा आईंनी गीझर लावून ठेवला होता. अंघोळ कर म्हणाल्या नाहीत. मी अंघोळ करून आले तर ताट वाढलेलं होतं, वरण-भात आणि तूप. त्या समोर बसल्या.

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही. झोपेतच."

"आणि तुला?"

मला प्रयोगशाळेतही कुणी हे विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी घास हातात धरून बसले. "झाला," मी म्हटलं.

"व्हायलाच हवा," आई म्हणाल्या आणि भातावर आणखी तूप घातलं.

पुढे दिवाळीनंतर नवऱ्याच्या बदलीचा आदेश आला, भुवनेश्वरला. माझा प्रबंध लिहायचा राहिला होता, मला आणखी वर्षभर तरी इथेच थांबावं लागणार होतं. आई त्याच्याबरोबर जातील हे तो धरूनच चालला होता. त्याने तिकडे तळमजल्यावरचं घर बघायला सुरुवातही केली. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, तुझं सामान कधी भरू या?"

"माझं नको भरूस. मी इथेच राहते."

"इथे? अगं, ही दिवसभर बाहेर असते."

"असू दे की. मासीमा आहेत. आणि सकाळी ही माझे पाय बघते. रोज, उजेडाला धरून, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तू बघशील?"

"बघेन ना. त्यात काय?"

आईंनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "तू 'ठीक आहे' म्हणून मोकळा होशील रे," त्या म्हणाल्या. "लहानपणी गृहपाठही असाच तपासायचास."

तो हसला, थोडा दुखावलाही. मला वाटतं दोन्ही खरं होतं. दोन दिवसांनी त्याने तळमजल्याचं घर सोडून देऊन एका माणसापुरतं, कचेरीजवळचं घर घेतलं. हावडा स्टेशनवर त्याला सोडायला आम्ही दोघी गेलो. आई करडे बूट घालून, माझा दंड धरून, खाली बघत सावकाश चालत होत्या. गाडी सुटल्यावर त्या थोडा वेळ फलाटावर उभ्या राहिल्या.

"चल," म्हणाल्या. "जाता जाता गहू घेऊ. या खेपेला कुरडया घरातच पंख्याखाली घालून बघू, वाळल्या तर वाळल्या."